सप्ताहाच्या स्मरणिकेचं काम : जमेल तशा नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार (रामनवमी)

पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला आणि मग सभामंडपातच चटई घालून मिटिंग. श्रावणातल्या आमच्या सप्ताहाला यंदा स्मरणिका काढायची आणि आजवर ज्यांनी सप्ताह उभा केला पण जे आता नाहीत त्यांच्या आठवणी तिच्यात द्यायच्या. ठरलं आधीच होतं, आज फक्त काम माझ्या गळ्यात पडलं, कारण डिचोलीत डीटीपीचं दुकान माझं आणि मी बिल लावणार नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत. मी सांगितलं की काम कुठवर आलं ते लिहून ठेवीन, कोणालाही वाचता येईल असं, म्हणून इथे माणसांची नावं नाहीत, नावं स्मरणिकेत येतील आणि तीसुद्धा घरच्यांना विचारून.

मिटिंगमध्ये पहिला वाद पहिल्या पानांवरून. अध्यक्षकाकांना गोव्याची संतपरंपरा हवी, निदान सहा पानं. केळशीचे कृष्णदास शामा ज्यांनी १५२६ साली मराठीत कृष्णचरित्रकथा रचली, मग सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४, बांद्याचे, घराण्याचं मूळ आपल्या पेडण्यातल्या पालयेचं, कुळकर्णीपण सोडून नाथपंथात गेले आणि उत्तरेत फिरून शेवटी उज्जैनला रामनवमीच्याच दिवशी दिसेनासे झाले असं परंपरा सांगते. "म्हणजे आजच्याच तिथीला," असं काका म्हणाले आणि सगळे दोन मिनिटं गप्प बसले, तेवढ्यात मला बोलायला संधी मिळाली. म्हटलं काका, सोहिरोबांच्या नावाने विर्नोड्याला सरकारी कॉलेज आहे, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, आमच्या स्मरणिकेवाचून त्यांचं काही अडलेलं नाही. आपल्या वाड्यावरच्या माणसांवर मात्र कोणीच लिहिणार नाही. शेवटी संतांना दोन पानं. खजिनदारांनी जाहिरातींसाठी आठ मागितली ती कोणी हूं की चूं न करता मान्य केली.

घरी येऊन जुन्या पेपरातल्या निधनवार्ता काढून बसले, नमुना म्हणून. सगळ्या एकाच साच्यातल्या. धार्मिक वृत्तीचे, मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांना परिचित, आणि पश्चात पत्नी, पुत्र, सुना, नातवंडं. यातलं एकही वाक्य एका माणसाचं काढून दुसऱ्याला लावलं तर कोणाला कळणार नाही. म्हणून आजच नियम करून टाकला, विशेषण आलं की कापायचं आणि त्या जागी विचारायचं, त्याने केलं काय?

१३ एप्रिल, रविवार

जुन्या वह्या मिळाल्या. खजिनदारांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत, वर घोंगडं, आत कसरीने खाल्लेल्या. वह्या दोन तऱ्हेच्या, एक जमाखर्चाची आणि एक पाळ्यांची. पाळ्यांची वही म्हणजे आमच्या सप्ताहाचा जीवच, अखंड भजन चालतं म्हटल्यावर कुठल्या वाड्याने कुठल्या प्रहराला उभं राहायचं ते तिच्यात. रात्री दोनची पाळी कोणालाच नको असते हे तेव्हाही खरं होतं असं दिसतं, कारण तिथे खाडाखोड सगळ्यात जास्त.

पानांवर तारखा अर्ध्याच, तिथी आहे पण साल नाही. त्यावर उपाय जमाखर्चातच सापडला. आधीच्या पानांवर रुपये आणि तांगे, सोळा तांग्यांचा रुपया, मग मध्येच एकदम एस्कुद आणि नंतर परत रुपये. पोर्तुगीजांनी १९५८-५९ च्या सुमाराला रुपया काढून एस्कुद आणला, एका रुपयाला सहा एस्कुद, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. म्हणजे एस्कुदवाली पानं तेवढ्या दोन-तीन सप्ताहांचीच. साल लिहायचं राहून गेलं तरी पैशाने ते सांगून टाकलं, मला हे इतकं आवडलं की दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं.

स्कॅन करताना पानं उलटी दाबायची नाहीत, काठ तुटतात. फोनने वरून फोटो, दोन्ही बाजूंनी ट्यूबलाईट, खाली काळा कपडा. ओसीआरचा, म्हणजे मशीनकडून अक्षरं ओळखून घेण्याचा, नाद सोडला, हस्ताक्षर आणि त्यात मध्येमध्ये मोडी वळणाची अक्षरं, मशीन त्याचं काहीच्या काही करतं. हाताने टाईप करणार.

२१ एप्रिल, सोमवार

आजची नोंद मोठी होणार.

वहीत पुन्हा पुन्हा येणारी एक ओळ आहे, "बत्त्या ४, भाडें नाहीं". गावात वीज यायच्या आधीची गोष्ट, सप्ताहाला पेट्रोमॅक्स भाड्याने आणायचे ते खालच्या वाड्यावरच्या एका क्रिस्तांव माणसाच्या दुकानातून, सायकली आणि बत्त्या भाड्याने देण्याचं दुकान. चार बत्त्या सगळे दिवस, भाडं नाही. त्याच्या सुनेकडे आज दुपारी गेले, काल ईस्टर झाला म्हणून घरात बिबिंक आणि दोदोलचे तुकडे अजून होते. आंटी गावच्या चर्चमध्ये मुलांना दोत्रिन, म्हणजे धर्माचे धडे, शिकवतात. बसून पाच मिनिटं झाली नाहीत तोच टीव्हीवर बातमी, पोप फ्रान्सिस गेले. आंटींनी कपाळावर खूण केली, आवाज बंद केला आणि म्हणाल्या, आमच्या जुझे वाझला संत ह्यांनीच केलं, कोलंबोला जाऊन.

मला नाव माहीत होतं, पुढचं काही नाही. आंटींनी सगळं सांगितलं. जन्म १६५१, बाणावलीत आजोळी, घर सांकवाळचं. सिलोनमध्ये डच राज्य होतं आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली, तिथल्या लोकांना कित्येक वर्षं पाद्रीच नाही हे ऐकून हा माणूस १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, अनवाणी तिथे पोचला. कॅंडीच्या राजाने आधी पोर्तुगीजांचा हेर समजून पकडून ठेवलं. पुढे १६९७ ला कॅंडीत देवीची साथ आली, लोक आजारी माणसांना टाकून पळाले आणि हा मागे राहून त्यांचं सगळं करत राहिला, धर्म न विचारता, मेलेल्यांना पुरलंसुद्धा. १६ जानेवारी १७११ ला तिथेच गेला, गोव्याला परत आलाच नाही. संतपद १४ जानेवारी २०१५ ला. म्हणजे तीनशे वर्षं वर.

मी विचारलं इतका वेळ का? तर आंटी म्हणाल्या त्याला साक्षी लागतात. ज्या भागात माणूस गेला तिथल्या बिशपच्या हाताखाली चौकशी बसते, त्याला ओळखणारे हयात असतील तर त्यांच्या जबान्या शपथेवर घेतात, त्याची पत्रं, लिखाण सगळं तपासतात, मग देवाचा सेवक, वंदनीय, धन्य आणि शेवटी संत अशा पायऱ्या. हणजुण्यात जन्मलेले पाद्री आन्यॅल १९२७ ला राशोलला गेले, त्यांना वंदनीय म्हटलं १९८६ ला, तिथून पुढची पायरी अजून व्हायचीय, पण पिलारला त्यांच्या कबरीकडे हिंदूही तितकेच जातात, माझी मामी तर नवस फेडायला जाते. आंटींचं पुढचं बोलणं मी तसंच्या तसं लिहून घेतलं: "जबानी घेताना विचारतात, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं की कोणाकडून ऐकलं? दोन्ही चालतं, पण वेगळं लिहितात."

हे मला फार पटलं. आमच्याकडे कोणालाही पायरी चढवायची नाहीये, पण ही रीत उचलायला काय हरकत आहे? आजपासून प्रत्येक आठवणीच्या पुढे दोनच खुणा, पाहिलेलं आणि ऐकलेलं.

आता सासऱ्यांबद्दल. आंटींनी पाहिलेलं: लग्न होऊन आल्या तेव्हा वीज आलेली होती तरी सप्ताहात दोन बत्त्या तयार ठेवायचे, लाईट गेली तर म्हणून. बत्तीतलं मेंटल, म्हणजे जाळीची पिशवी, नवीन बांधलं की एकदा जाळून त्याची राख करावी लागते, ती राखच उजेड देते, नुसता धक्का लागला तरी गळून पडते, म्हणून बत्ती दुसऱ्याच्या हातात देत नसत, स्वतः घेऊन यायचे. ऐकलेलं, सासूकडून: रात्रभर अंगणात बाकावर पडून असायचे, हवा कमी झाली की पंप मारायला उठायचे, आणि रविवार असला तर पहाटे तिथूनच थेट चर्चमध्ये मिसेला. भाडं का नाही घेतलं? आंटींना माहीत नाही. "आमच्या घरात कोणी विचारलंच नाही," म्हणाल्या.

मीही याच्यापुढे काही जोडणार नाही. आमच्या कमिटीतल्या एकाने लगेच सुचवलं की "सर्वधर्मसमभावाचं मूर्तिमंत प्रतीक" असं शीर्षक द्या. कापलं. शीर्षक: बत्त्या ४, भाडं नाही.

११ मे, रविवार

पखवाजवाले बाप्पा. यांच्याबद्दल सगळ्यांनाच बोलायचं होतं, प्रत्येकाचं एकच, असा हात पुन्हा झाला नाही. हात कसा होता ते मात्र कोणाला सांगता येईना. शेवटी मुलीकडे गेले, ती साखळीला असते.

बाप्पा खनिजाच्या बार्जवर खलाशी. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा आणि मुरगाव बंदरात जहाजावर ओतायचा. आता खाणी २०१२ ला बंद पडल्या त्यानंतर जन्मलेल्या पोरांना हे सांगावं लागतं, पण तेव्हा मांडवीत बार्जेसची रांग असायची. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाला रेतीचा दांडा धरतो आणि समुद्र खवळलेला, म्हणून बार्जेस मांडवीच्या तोंडातून बाहेर न जाता कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरतात, लांबचा वळसा, आणि सगळं भरती-ओहोटीच्या हिशेबाने. सप्ताह श्रावणात. म्हणजे बाप्पांच्या पाळीची वेळ देवळातल्या वहीत एक आणि पाण्याची वेळ दुसरीच. तरी रात्री दोनच्या पाळीपुढे त्यांचं नाव वर्षानुवर्षं आहे आणि खाडाखोड नाही. बार्जचा तांडेल ओळखीचा, धक्क्याला लागली की हे सायकल मारत देवळात, दोन तास वाजवून परत. हे पाहिलेलं, त्यांच्याबरोबर त्या पाळीला गाणाऱ्या दोघांकडून.

मुलीने सांगितलेलं वेगळं आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणिक लावतात, त्याशिवाय तो घुमणारा आवाज येत नाही. आमच्या घरात पोळ्या कधी व्हायच्या नाहीत, म्हणाली, भाताचं घर, पण गव्हाचं पीठ डब्यात कायम, पखवाजासाठी. एका वर्षी तापातून उठल्यावर मी आईकडे पोळी मागितली तर आई म्हणाली ते देवाचं आहे. मग म्हणाली, बाबा बार्जवरून घरी यायचे ते झोपायला, आमच्या शाळेत कधी आले नाहीत, आई आजारी होती तेव्हाही पाळी चुकवली नाही, लोक त्याचं कौतुक करतात, मला अजून राग येतो. आणि थोड्या वेळाने, "हेंय बरय" असं कोंकणीतच. तेही लिही.

लिहिलं. शाळेत गेले नाहीत हे आणि पाळी चुकवली नाही हे, दोन्ही त्याच परिच्छेदात. एका सदस्याने विचारलं की स्मरणिकेत घरातली तक्रार कशाला, मी म्हटलं ती मुलगी महाप्रसादाला दरवर्षी भाजी चिरायला येते, तिला अधिकार आहे.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा मे महिन्यातच उतरला, चार दिवस झाले थांबायचं नाव नाही, लाईट जाते येते, काजूवाले कपाळाला हात लावून बसलेत. वह्यांच्या ट्रंकेत तुरटीच्या पुड्या आणि कापूर टाकला, दुकानात बल्ब लावून पानं सुकवतेय.

टाईप करताना लक्षात आलं की तेलाची नोंद आहे, खोबरेल अमक्याकडून इतकं, तमक्याकडून इतकं. सप्ताहाची समई दिवसरात्र जळते, मग वातींची नोंद कुठाय? नाहीच. कुठल्याच वर्षी नाही. सत्तरी उलटलेल्या गाणाऱ्यांना विचारलं तर सगळे एकदम, अगो वाती त्या आजी करायच्या. कोण त्या? तर वरच्या वाड्यावरच्या, लवकर विधवा झालेल्या, सभामंडपाच्या डाव्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसायच्या, मांडीवर कापूस.

देणगी द्यायला पैसे नव्हते म्हणून वहीत नाव नाही. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरेच्या सभासदांच्या, यादीत बाईमाणूस नाहीच. भजनाला तेव्हा बायका उभ्या राहत नव्हत्या. म्हणजे कागदावर ही बाई कुठल्याच बाजूने येत नाही, आणि आठवण मात्र प्रत्येकाला आहे.

आता पुढचं ऐका, हे मी तिघांकडून वेगवेगळं घेतलंय, तिघांचंही पाहिलेलं. आजींना लिहितावाचता येत नव्हतं, पण चाळीस-पन्नास वर्षं त्या कोपऱ्यात बसून सगळं पाठ. पहाटेच्या पाळीला गाणारे पेंगुळलेले असतात, चरण चुकतो, दोन कडवी गाळली जातात. तिथे कोपऱ्यातून हळूच पुढची ओळ यायची. फक्त ओळ, सुरात नाही, बोलल्यासारखी. एक काका म्हणाले, आम्ही पुढे बघून गायचो पण कान डावीकडे असायचा. दुसरे म्हणाले, नवीन पोरगा असला आणि मुद्दाम काही वेगळंच घुसडून गायला तर आजी वाती वळायची थांबायची, तेवढ्याने सगळ्यांना कळायचं.

फोटो नाही. घरात नाही, लग्नाच्या अल्बममध्ये नाही, विधवा म्हणून पुढे आल्याच नसतील. शेवटी नातीने मतदार ओळखपत्र आणून दिलं, त्यावरचा तो पासपोर्ट साईजपेक्षाही छोटा, धुरकट फोटो. मोठा केला तर नुसते ठिपके. फोटोशॉपमध्ये गुळगुळीत करून बघितला तर दुसरीच बाई दिसायला लागली, म्हणून ठिपक्यांसकट आहे तसा, छोटाच छापणार. पान मात्र पूर्ण.

८ जून, रविवार

आज भांडण झालं, तसं बरंच झालं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी दिंडी निघते, गोपाळकाला होतो, त्याच्यापुढे ढोल, ताशा, कासाळें (मोठ्या झांजा) वाजवणारं घर एकच, पिढ्यान्‌पिढ्या. आजोबांबद्दल कमिटीने मसुदा करून दिलेला: "निष्ठावंत सेवेकरी, ज्यांनी आयुष्यभर देवाची निःस्वार्थ सेवा केली." नातवाला वाचून दाखवला, तो डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, हे छापू नका.

त्याचं म्हणणं असं. ढोल वाजवणं ही आमच्या घराची पाळी, न जाऊन चालत नव्हतं, त्या बदल्यात भाताचा तुकडा कसायला होता, वाजवलं नाही तर तो जाणार. निःस्वार्थ कसलं? आणि आजोबा कधी मंडपात आत आले नाहीत, पाऊस असला तर पागोळीखाली उभं राहून वाजवायचे, ढोलाचं कातडं भिजू नये म्हणून अंगावरची कांबळ ढोलावर आणि स्वतः भिजलेले. प्रसाद बाहेर. हे मी पाहिलंय, लहान होतो पण पाहिलंय.

मग मी विचारलं, आजोबांची भक्ती होती का? हे विचारायला मला जड गेलं. तो हसला. म्हणाला होती की, पण ती तुमच्या सप्ताहात नव्हती. घरात विठ्ठलाची तसबीर, एकादशीला पाण्याचा थेंब नाही, आणि चैत्री पुनवेला साखळीला विठ्ठलापूरला चालत जायचे, तिथे ढोल नेत नसत, नुसते हात जोडायला. परत येताना आम्हा पोरांना खाजें आणायचे.

मिटिंगमध्ये हे वाचलं तर शांतता आणि मग एकदम सगळे. सणासुदीला जुनं कशाला उकरायचं, आता तसं कुठे आहे, आता सगळे आत येतात, देवस्थानचं नाव खराब होईल. एक जण म्हणाला की १९३३ च्या देवस्थान कायद्यातच महाजन कोण ते ठरलेलं, आम्ही काय करणार, ज्याचा इथे काहीच संबंध नव्हता. मी सांगितलं की दोनच पर्याय, नातवाचे शब्द जसेच्या तसे, नाहीतर आजोबांचं नाव वर टाकून खाली पान कोरं, आणि कोणी विचारलं का तर मी कारण सांगीन. अध्यक्षकाका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, मी त्यांच्यापुढून चालत गेलोय दिंडीत, छत्री घेऊन. छापा.

पागोळीचं वाक्य काढा असं चिटणीसांनी मागाहून फोन करून सांगितलं. काढलेलं नाही.

६ जुलै, रविवार (आषाढी एकादशी)

साखळीला विठ्ठलापूरला जाऊन आले, वाळवंटी भरून वाहतेय, गर्दी भरपूर. तिथल्या मंडपात बायकांची मंडळी भजनाला उभी होती, पेटी पखवाज सगळं त्यांचंच. कला अकादमी मनोहरबुवा शिरगांवकरांच्या नावाने जी भजनस्पर्धा घेते तिच्यात आता महिलांचा वेगळा गट असतो, त्यामुळे गावोगाव बायकांना गुरुजी ठेवून शिकायची सवय लागलीय. मला सारखं त्या कोपऱ्यातल्या आजींचं वाटत राहिलं, वाती वळत वळत त्यांनी काय काय दुरुस्त केलं असतं यांचं.

बाकीची छोटी कामं भराभर उरकली. मराठी शाळा चालवणारे मास्तर, पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) वर्ग भरायचा, त्यांच्याबद्दल एका जुन्या विद्यार्थ्याने स्वतःच दोन पानं लिहून दिली, चांगली आहेत, फक्त विशेषणं कापली तर दीड उरली. खतखतें करणाऱ्या मावशी, सात भाज्या आणि तिरफळं, कांदा लसूण नाही, किती माणसं ते आदल्या रात्री भजनातली गर्दी बघून ठरवायच्या आणि अन्न कधी फुकट गेलं नाही असं तिघी सांगतात, हे लिहायला सोपं गेलं. घुमट, म्हणजे तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजवणारे दोघे भाऊ, त्यांच्या घरात जुना घुमट टांगलेला आहे घोरपडीच्या कातड्याचा, घोरपड मारायला बंदी आली तसं आता बकरीचं कातडं लावतात आणि २०१९ ला सरकारने घुमटाला वारशाचा दर्जाही दिला, पण भावांमधला धाकटा म्हणायचा की नव्या घुमटाला आरती कळत नाही. ऐकलेलं, पण छापतेय.

१९ जुलै, शनिवार

प्रूफ. प्रेसवाल्याकडे अजून जुनीच फॉन्टची पद्धत, युनिकोडमधून बदलून घेताना अर्धा र उडाला आणि "ज्यांच्या" चं "जांचा". सगळं पीडीएफ करून अक्षरं आउटलाईन करून पाठवलं तेव्हा सुटका झाली. जे कोणी मंडळाची स्मरणिका करणार असतील त्यांना सांगते, वर्डची फाईल कधीच देऊ नका.

जाहिरातदारांपैकी एकाला स्वतःच्या वडिलांचं पान हवं होतं, पूर्ण रंगीत. वडील सप्ताहाला भरघोस देणगी द्यायचे हे खरं, वहीत आहे. मी विचारलं त्यांची एखादी आठवण सांगा, केलेलं काही. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, पहाटेच्या काकड आरतीला नेमाने यायचे आणि मागे चपला सरळ लावून ठेवायचे, सगळ्यांच्या, अंधारात लोकांना सापडाव्यात म्हणून. हे कमिटीत कोणालाच माहीत नव्हतं! देणगीचा आकडा काढला, चपला ठेवल्या. पान काळंपांढरं, इतरांसारखं. ते थोडे नाराज आहेत.

३० जुलै, बुधवार

काल नागपंचमी झाली, आजपासून तिकडे वास्कोला दामोदराचा सप्ताह सुरू. जांबावलीहून आणलेल्या नारळापासून तो सुरू झाला, गावात साथ पसरली होती तेव्हा, असं सांगतात. आमच्याकडून दरवर्षीप्रमाणे जीप भरून लोक पाळीला गेलेत, त्यामुळे गठ्ठे उतरवायला मी, खजिनदार आणि प्रेसचा पोरगा एवढेच.

छपाई ठीक आहे. वातींच्या आजींचा फोटो भीती होती तेवढा काळा आलेला नाही. आंटींना दोन प्रती नेऊन दिल्या, त्यांनी सासऱ्यांचं पान उभ्या उभ्या वाचलं, मराठी हळूहळू वाचतात त्या, आणि विचारलं की किंमत किती. घेतली नाही म्हटलं तर म्हणाल्या, म्हणजे तुमचं पण भाडें नाहीं. साखळीला एक प्रत पाठवली. फिटर दादाने पाच नेल्या, एक कंपनीत ठेवणार.

आणि आताच वरच्या वाड्यावरून फोन, एक आजोबा, आवाज चढलेला. पुढची ओळ सांगायच्या त्या वातीवाल्या आजी नव्हेतच, ती माझी आत्या, ती उजव्या खांबाला बसायची, मी स्वतः पाहिलंय. मी म्हटलं आजोबा, पाहिलेलं म्हणताय तर लिहून घ्यायलाच हवं. डावीकडचं पाहिलेले तिघे आणि हे उजवीकडचे, चौघांनाही रविवारी सभामंडपात बोलावलंय, त्या त्या खांबाकडे बसूनच सांगा म्हटलं. खजिनदार म्हणतात चहाचा खर्च स्मरणिकेच्या खात्यात घालू नका.